रिपोर्ट आला होता, पण कुणाच्या मेलवर? खान्देशातल्या मेडिकल कॉलेजांत संशोधनाची घडी बसवण्याबद्दल

सातपुडा_पायथा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी खान्देशातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात शिकवते. इथे डॉक्टर आहेत, फार्मसीवाले आहेत, आशाताई, शिक्षक, शेतकरी आहेत, म्हणून हा विषय इथेच मांडतेय. लांबण लागेल, पण सगळं वाचून मग बोला.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोन विभागांनी मिळून नवजात बाळांची सिकलसेल तपासणी सुरू केली. सिकलसेल म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. सातपुड्याकडच्या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांत. बाळाच्या टाचेला टोचायचं, रक्ताचे थेंब जाड गाळणकागदावर घ्यायचे, कागद आडवा ठेवून तीन-चार तास सुकवायचा, सिलिका जेलच्या पुडीसकट झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा. पहिल्याच पावसाळ्यात कागद सुकेचनात. पंखा लावला तर धूळ बसायची, बंद ठेवला तर ओल जायची नाही. एका केंद्रात रात्रीतून थेंबांना मुंग्या लागल्या. तिथल्या सिस्टरनं स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, वरून पातळ मलमल टाकली, आणि त्यानंतर त्या केंद्रातून एकही नमुना खराब गेला नाही. तिनं हे कुणाला विचारलं नव्हतं. आमच्या प्रोटोकॉलमध्ये मुंग्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता.

शहाद्याच्या बाजूची एक आई दर लसीकरणाला विचारायची, "मॅडम, मन्हा पोऱ्याना रिपोर्ट उना का?" दोनदा मी "येईल" म्हणाले. तिसऱ्या खेपेला ती आलीच नाही. दिवाळी झाली तशी घरची सगळी ऊसतोडीला गुजरातेत गेली होती.

रिपोर्ट आला होता. एफएस पॅटर्न, म्हणजे बाळाला बहुधा सिकलसेलचा आजारच आहे, पुन्हा तपासून खात्री करा. पण तो आला आमच्या एका रेसिडेंटच्या खासगी मेलवर. त्याचं एमडी पूर्ण होऊन तो निघून गेला होता. दीड महिना तो मेल कुणी उघडलाच नाही. कुटुंब होळीला परत आलं तोवर बाळाला तिकडे दोनदा निमोनिया होऊन गेला होता, आणि तिथल्या डॉक्टरांना सिकलसेलची कल्पना नव्हती, कारण आईलाच नव्हती. पोरगं वाचलं. आता अंगणवाडीत जातं.

मला छळतं ते पुढचं. सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिलं तर न्यूमोकॉकस या जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतात, हे १९८६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरलेल्या मुदतीच्या आठ महिने आधी थांबवावी लागली. पेनिसिलिन महाग नाही. म्हणजे ज्ञान होतं, औषध होतं, तपासणीसुद्धा झाली होती. या तिन्हींना जोडणारं माणूस नव्हतं. रिपोर्ट आला की नाही हे रोज बघणं कुणाच्याच नोकरीचा भाग नव्हता.

ट्रान्सलेशनल रिसर्च म्हणतात तो नेमका या मधल्या वाटेचा अभ्यास. प्रयोगशाळेतलं खाटेपर्यंत, खाटेवरचं गावापर्यंत, आणि गावात अडलेलं परत प्रयोगशाळेपर्यंत. सिकलसेलइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. १९१० साली शिकागोत हेरिकनं कोयत्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन छापलं. १९४९ साली पॉलिंगनं दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५० च्या दशकात इंग्रमनं नेमकी एका अमिनो आम्लाची अदलाबदल शोधली. हायड्रॉक्सियुरिया हे रसायन १८६९ पासून माहीत होतं, सिकलसेलसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९८ साली. २०२३ च्या अखेरीस जनुक संपादनाचा उपचारही ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. ११३ वर्षांचं एवढं काम, आणि आपल्याकडे एक रिपोर्ट मेलबॉक्समध्ये अडकतो.

केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. तपासणी होईल. तपासणीनंतरचं कोण बघणार?

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे हुशार मुलं आहेत, रुग्ण आहेत, प्रश्न आहेत. संस्थेनं त्यांच्या पाठीशी उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला इथे तुमच्याकडून ऐकायचं आहे.

रावेरचा_केळीवाला

डॉक्टरताई, मी दहावी शिकलेला शेतकरी, पण तुमचा प्रश्न मला पुरता कळला. आमच्या धंद्यात हे झालेलं आहे म्हणून सांगतो.

माझे वडील बसराई आणि श्रीमंतीचे कंद लावायचे. घड हाती यायला दीड वर्ष जायचं. आज टिश्यू कल्चरचं ग्रँड नैन आणि ठिबक, अकरा-बारा महिन्यांत काढणी. लॅबमध्ये बाटलीत वाढवलेलं रोप माझ्या बापानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा "हे काय जगणार" म्हणाला होता. मग तो कसा वळला? कुणी पेपर वाचून दाखवला नाही. शेजारच्या गावात एका शेतकऱ्याच्या वावरात प्लॉट लावला, तिथे सगळ्यांना नेलं, घड हातानं उचलून बघायला लावले. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, ममुराबादला आणि पालला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, गावात कृषी सहायक येतो. त्या माणसांना पगारच मुळी मधल्या कामाचा मिळतो. पहिलं केव्हीके १९७४ साली पुद्दुचेरीत निघालं, आता जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहे.

आणि हे उलटही चालतं. सीएमव्ही हा केळीचा विषाणूरोग आला तेव्हा पानावरचे पट्टे आम्ही आधी बघितले. फोन केला, ते आले, बाधित झाडं उपटायला लावली, तो पसरवणारी मावा कीड आटोक्यात ठेवायला सांगितलं. केळीच्या पानाला रोग आला तर कुणाला फोन करायचा हे मला पाठ आहे. माझ्या नातवाचा रिपोर्ट अडकला तर कुणाला करायचा, ते नाही.

सातपुडा_पायथा

भाऊ, मला पानभर लिहून जे जमलं नाही ते तुम्ही दोन ओळींत लिहिलंत. वैद्यकशास्त्राचं कृषी विज्ञान केंद्र. याच्या जवळ जाणाऱ्या योजना आहेत बरं का. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची मेडिकल कॉलेजांसाठी बहुविद्याशाखीय संशोधन युनिटची योजना आहे, आणि ग्रामीण भागासाठी आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन युनिटची. आपल्या राज्यात डहाणूला असं एक युनिट आहे. सिकलसेलसाठी मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेचं चंद्रपूरला केंद्र आहे. म्हणजे आदिवासी भागात नीट प्रयोगशाळा उभी राहू शकते हे कुणाला नव्यानं सिद्ध करायचं नाही.

खरं_बोलतो

मॅडम, तळमळ पोचली. पण मी नंदुरबारमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात आठ वर्षं काढली आहेत आणि मला राग येतो तो असा. आमच्याकडे लॅब टेक्निशियन एकच, तोही आठवड्यातून तीन दिवस डेप्युटेशनवर दुसरीकडे. ॲम्ब्युलन्सला टायर नाही. अशात तुम्ही कॉलेजवाले येता, फॉर्म भरून घेता, रक्त घेता, आणि वर्षभरानं कळतं की कुणाचं तरी प्रमोशन झालं. आधी पदं भरा, औषधं द्या. मग संशोधन.

सातपुडा_पायथा

डॉक्टर, तुमचा राग खरा आहे, आणि त्या "कॉलेजवाल्यां"त मीही आहे. पदं आणि औषधं आधी हवीत यावर माझा वाद नाहीच.

पण "मग संशोधन" हे मला पटत नाही, कारण आपल्याच राज्यात तोकड्या साधनांतून झालेलं संशोधन डोळ्यांसमोर आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेली पोरं समोर मरत होती. त्यांनी रात्र रात्र रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम टिपून ठेवला, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यात कामी येतं हे १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातून जगाला सांगितलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, त्याचा अभ्यास १९९९ साली लॅन्सेटमध्ये आला, आणि २०११ साली केंद्र सरकारनं घरोघरी नवजात सेवा आशांमार्फत देशभर नेली. तुमच्या केंद्रातली आशा आज बाळाच्या घरी ठरावीक दिवशी जाते, तापमान बघते, ते या कामातूनच आलं.

मात्र यात मला एक दुखतं. बावस्करांनी ते केलं ते व्यवस्थेच्या जोरावर नाही, स्वतःच्या जिद्दीवर. दर वेळी असा माणूस जन्माला यायची वाट बघायची का? साधारण बुद्धीच्या, घरी दोन मुलं असलेल्या, सहा वाजता दमणाऱ्या डॉक्टरलाही चांगलं संशोधन करता आलं पाहिजे. संस्था असते ती त्याच्यासाठी.

चोपड्याची_लेक

मूळची चोपड्याची, गेली नऊ वर्षं अमेरिकेत एका विद्यापीठ रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे मॅडम म्हणतात ते "मधलं माणूस" हाच माझा हुद्दा.

इथेही हे आपोआप झालेलं नाही. २००६ साली इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १२ विद्यापीठांना अनुदान दिलं, ते यंत्रासाठी किंवा एखाद्या शोधासाठी नव्हतं, तर संशोधनाची घडी बसवण्यासाठी. २०११ च्या अखेरीस त्याच कामासाठी वेगळं राष्ट्रीय केंद्र निघालं. त्या पैशातून संख्याशास्त्रज्ञ बसतो, त्याच्याकडे कुठलाही डॉक्टर नुसता प्रश्न घेऊन जाऊ शकतो. माझ्यासारख्या कोऑर्डिनेटरचा पगार होतो. आणि तरुण डॉक्टरांना वेळ विकत घेऊन दिला जातो. निवडलेल्या डॉक्टरचा ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवायचा असतो, आणि विभागप्रमुख तशी लेखी हमी देतो. ओपीडीला माणूस कमी पडलं तरी त्याला ओढता येत नाही.

माझा दिवस सांगते. सकाळी आल्यावर एक यादी उघडते. काल कुणाचा नमुना गेला, कुणाचा निकाल यायचा आहे, निकाल येऊन दोन दिवस झाले तरी कुटुंबाला कळवलं नाही असं कुणी आहे का. तिसऱ्या रकान्यात नाव दिसलं की ते लाल होतं, आणि ते निघेपर्यंत मी घरी जात नाही. मॅडमनी लिहिलेला दीड महिना मी परत परत वाचला. आमच्या यादीत तो तिसऱ्या दिवशी लाल झाला असता. याला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. रेडकॅप नावाचं माहिती नोंदवायचं सॉफ्टवेअर ना-नफा संस्थांना फुकट मिळतं. नाहीतर एक जाड रजिस्टर आणि ते रोज उघडणारं एक माणूस, एवढ्यानंही होतं.

हिशेबनीस_धुळे (निवृत्त लेखाधिकारी)

इतकं छान चाललंय, त्यात माझी कोरडी बाजू मांडतो, कारण संशोधन अडतं ते बहुतेकदा माझ्या टेबलावर. नोकरीत असताना मी अनेक प्रकल्पांचे पैसे परत जाताना पाहिलेत. डॉक्टर हुशार, प्रस्ताव मंजूर, पहिला हप्ता येतो ऑक्टोबरात. टेक्निशियन नेमायला जाहिरात, मुलाखत, मंजुरी, त्यात जानेवारी उजाडतो. किट जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर सापडत नाही, मग कोटेशन, मग पुन्हा निविदा. मार्चअखेर येते. पैसे अखर्चित. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत जात नाही, म्हणून दुसरा हप्ता थांबतो. तिथे प्रकल्प मेला. डॉक्टर पुन्हा कधी प्रस्ताव लिहीत नाही.

क्लार्क मुद्दाम अडवतो असा समज असतो. तसं नाही. त्याला संशोधनाचा खर्च कसा नोंदवायचा हे कुणी शिकवलेलंच नसतं, आणि ऑडिटमध्ये आक्षेप आला की तो त्याच्या नावावर. म्हणून तो सही टाळतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही टाळली असती, आणि टाळलीही आहे. ती चूक होती.

माझं सुचवणं असं, की प्रत्येक कॉलेजात संशोधनाच्या पैशांसाठी एक वेगळा लेखनिक असावा, त्याला हे नियम नीट शिकवावेत, अधिष्ठात्यांनी लहान खरेदीचे अधिकार लेखी द्यावेत आणि अनुदानाचं खातं वेगळं ठेवावं. प्रस्ताव लिहितानाच तो कागद लेखा शाखेतून फिरवावा, मंजूर झाल्यावर नाही. कुणी मंडळी हे करणार असतील तर मी धुळ्यात आहे, विनामोबदला येऊन बसेन.

शिरपूर_फार्मसी

मी शिरपूरला फार्मसी शिकवतो. सिकलसेलचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडे पडून असलेला एक प्रश्न टाकतो.

हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सहसा ५०० मिलिग्रॅमची मिळते. १० किलोच्या मुलाला किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅमनं दिवसाला १५० ते २०० मिलिग्रॅम लागणार. मग कॅप्सूल फोडून पाण्यात कालवून अंदाजानं पाजण्याची वेळ येते. हे पेशींची वाढ रोखणारं औषध आहे. घरात अशी कॅप्सूल उघडणं, तीही गरोदर बाई जवळ असताना, मुळीच बरोबर नाही. मुलांसाठी कमी मात्रेचं औषध बनवायला भागीदार हवेत म्हणून २०२४ साली आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, कंपन्यांना बोलावलंही होतं.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून २०१२ साली एक अभ्यास आला, की आपल्याकडच्या मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅमच्या ठरावीक कमी मात्रेनंही चांगला फायदा होतो. आपल्या लोकांत आढळणारा सिकल जनुकाचा प्रकार वेगळा आहे, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्यामुळे हे शक्य आहे. आता मला सांगा, १० किलोच्या पोराला १०० मिलिग्रॅम मोजून द्यायचं कशानं?

पातळ औषध बनवून ते एप्रिल-मेच्या ४४ अंशांत, फ्रीज नसलेल्या घरात किती दिवस टिकतं, हे तपासणं आमच्या प्रयोगशाळेला सहज जमण्यासारखं आहे. उपकरणं आहेत, एम.फार्म.ची मुलं दर वर्षी विषय शोधत फिरतात. रुग्ण तुमच्याकडे, बाटली आमच्याकडे, आणि मध्ये दीड-दोन तासांचा रस्ता. आजवर एकाही मेडिकल कॉलेजातून मला या कामासाठी फोन आलेला नाही. मीही केला नाही.

सातपुडा_पायथा

सर, हा माझा फोन समजा. व्यक्तिगत निरोप पाठवते.

आफ्रिकेतल्या चार देशांत मुलांना हायड्रॉक्सियुरिया देऊन केलेला अभ्यास २०१९ साली आला. आधी भीती होती की औषधानं संसर्ग वाढतील, तर उलट मलेरियाही कमी झाला. सातपुड्यातल्या पावसाळ्याच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं आहे. पण ते जसंच्या तसं आपल्याकडे लागू होतं का, हे आपल्याला इथेच बघावं लागेल.

नर्मदाकाठ

मी पावरा समाजाचा. नर्सिंग झालंय, सध्या धडगाव तालुक्यात काम करतो. तुम्ही सगळे "रुग्ण तुमच्याकडे, बाटली आमच्याकडे" म्हणताय. ते रुग्ण माझ्या घरचे आहेत.

माझ्या मावसबहिणीची तपासणी कॅम्पमध्ये झाली. ती वाहक निघाली. वाहक म्हणजे आजारी नाही, हे मला माहीत आहे. नवरा-बायको दोघं वाहक असतील तरच दर गरोदरपणात चारातल्या एका मुलाला आजार होण्याची शक्यता, हेही मी शिकलोय. पण कॅम्पमध्ये तिचं नाव सगळ्यांसमोर मोठ्यानं पुकारलं. कार्ड तिच्या हातात पडायच्या आधी गावाला कळलं. ठरलेली सोयरीक मोडली. तिच्या रक्तावर कुणीतरी अभ्यास लिहिला असेल. तिला त्यातलं काही कळलं नाही.

संमतीपत्र मराठीत असतं. माझी आई पावरी बोलते, मराठी तिला बाजारापुरती येते. अंगठा घेतला की संमती झाली, असं धरतात. अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी जमातीचं प्रकरण मी वाचलंय. त्यांनी रक्त दिलं मधुमेहाच्या अभ्यासाला आणि विद्यापीठात ते दुसऱ्याच विषयांना वापरलं गेलं. २०१० साली विद्यापीठाला तडजोड करून भरपाई द्यावी लागली, उरलेले नमुने परत करावे लागले. आपल्याकडे असं विचारायला कोण जाणार?

मी संशोधनाच्या विरोधात नाही. माझ्या काकाचा मुलगा सिकलसेलनं गेला, म्हणून मी या कामात आलो. पण संस्था उभी करणार असाल तर आमच्या माणसाला त्यात नुसतं दुभाषी म्हणून घेऊ नका.

सातपुडा_पायथा

दादा, तुमची पोस्ट वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आमच्याही कॅम्पमध्ये नावं पुकारली जायची. आम्हाला ते खटकलंसुद्धा नव्हतं.

नियमानं संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे लागतात, एक सामान्य नागरिक लागतो. ती जागा बहुतेक ठिकाणी शहरातल्या एखाद्या ओळखीच्या गृहस्थांनी भरली जाते. सातपुड्यातल्या रक्तावर काम करणाऱ्या कॉलेजात त्या खुर्चीवर पावरा, भिल्ल, कोकणा किंवा मावची समाजातलं माणूस बसलं पाहिजे, हे मी आमच्या समितीसमोर लेखी मांडणार आहे. संमती पावरीत आणि भिलीत, बोलून, रेकॉर्ड करून. निकाल बंद पाकिटात, फक्त ज्याचा त्याला. आणि नमुना दुसऱ्या कामाला वापरायचा तर पुन्हा विचारून. यात मला तुमची मदत हवी आहे, आणि ती पगारी कामासारखी धरली जावी असं माझं मत आहे.

खरं_बोलतो

नर्मदाकाठ यांना पूर्ण अनुमोदन. मॅडम, मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण एवढं मान्य करतो. माझ्या केंद्रात एक माणूस असा असता ज्याचं कामच निकाल परत आणणं आणि घरी पोचवणं आहे, तर मला तुमच्या प्रकल्पाचा त्रास नाही, आधार वाटला असता. तो माणूस प्रकल्प संपल्यावरही राहिला पाहिजे. दोन वर्षांनी निघून जाणारी माणसं आम्हाला नकोत.

पीजी_दुसरं_वर्ष

मी एमडी करतोय, शोधनिबंध सक्तीचा आहे. विषय ठरवायला पंधरा दिवस मिळाले. सिनियरच्या विषयात थोडा बदल करून दिला, नमुनासंख्या १००, कारण सगळ्यांची १०० असते. आयसीएमआरचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स केला, तो चांगला आहे. त्यात जे शिकलो ते वापरायला वॉर्डमध्ये वेळ नाही. ३६ तासांच्या ड्युटीनंतर मी रुग्णाला प्रश्नावली विचारतो तेव्हा त्याच्या उत्तराकडे माझं लक्ष नसतं, हे मलाच कळतं. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही कॉलेजांतल्या दर वर्षीच्या शोधनिबंधांतले निम्मे जरी खान्देशातल्या एकाच प्रश्नाच्या वेगवेगळ्या बाजूंवर झाले तरी पाच वर्षांत केवढं काम उभं राहील. आज ते बांधून कपाटात जातात.

आकडेमोड_जळगाव

विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. १०० हा आकडा वाचून वाईट वाटलं. नमुनासंख्या प्रश्नातून निघते. किती फरक पकडायचा आहे आणि चुकण्याची किती तयारी आहे, हे ठरलं की आकडा येतो. कधी ४० पुरतात, कधी ९०० लागतात. १०० वर अडून राहिलं की काही अभ्यासांत रुग्णांना उगाच टोचलं जातं, आणि काहींत उत्तर निघूच शकत नाही. दोन्ही अन्याय आहेत.

डॉक्टर आमच्याकडे येतात ते सगळा डेटा गोळा झाल्यावर, "मॅडम, पी व्हॅल्यू काढून द्या" म्हणत. तेव्हा फार उशीर झालेला असतो. महिन्यातला एक ठरलेला दिवस आम्ही दोघी-तिघी कॉलेजात येऊन बसायला तयार आहोत. फक्त विद्यापीठ आणि कॉलेज यांच्यात लेखी करार हवा, नाहीतर आमच्याकडे ती रजा धरली जाते. पीजी_दुसरं_वर्ष, तुझा विषय मला पाठव. अजून काही वाचवता येतं का बघू.

आशा_तळोदा

मी आशा आहे. बारावी झालेली. भीत भीत लिहिते.

मॅडम, तुम्ही बाळाचा दुसरा नमुना सहाव्या महिन्यात घ्यायचा ठरवता. आमच्या पाड्यावर दिवाळीनंतर घरं बंद असतात. म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. बाळ बारडोलीकडे उसाच्या फडात असतं. तुमच्या कागदावर मग "रुग्ण सापडला नाही" लिहितात, आणि बोलणी आम्हाला बसतात.

होळीला सगळे येतात. कुठेही असोत, होळीला येतातच. त्याआधी भोंगऱ्या बाजार भरतो, तिथे तर सगळी सापडतात. मी गेल्या दोन वर्षांपासून एक वही ठेवलीय. कोण कुठल्या गावाला गेलं, मुकादमाचा फोन नंबर, बाळाची पुढची लस कधी. मला कुणी सांगितलं नव्हतं. लस चुकते म्हणून ठेवली. त्या वहीवरून गेल्या साली मी एका बाळाच्या आईला मुकादमाच्या फोनवरून सांगितलं की तिकडच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखव. तिनं दाखवलं.

वहीचे पैसे मिळत नाहीत. ते असू दे. पण ती वही तुमच्या कामाची असेल तर देते.

चोपड्याची_लेक

ताई, मी ज्या यादीबद्दल वर लिहिलं, ती हीच. तुमची माझ्या यादीपेक्षा चांगली आहे, कारण तुमच्यात मुकादमाचा नंबर आहे.

हिशेबनीस_धुळे

आशाताई, "ते असू दे" नको. प्रस्ताव लिहाल तेव्हा वहीच्या कामाचा मोबदला वेगळा रकाना करून दाखवा. तसा दाखवता येतो. कसा ते मी लिहून देईन.

सातपुडा_पायथा

ताई, वही देऊ नका. वही तुमच्याकडेच राहू दे, मीच येते बघायला.

सगळ्यांना एकदमच सांगते. काल अधिष्ठात्यांशी बोलले. पद मंजूर होणं लांबची गोष्ट आहे, त्याचा पाठपुरावा चालू ठेवते. पण तीन गोष्टींना त्यांनी होकार दिला आहे. प्रयोगशाळेचे सगळे निकाल यापुढे संस्थेच्या एकाच मेलवर येतील, आणि तो रोज सकाळी दहाला उघडायचं काम एका नर्सच्या ड्युटी चार्टवर लिहिलं जाईल, ती रजेवर असेल तर दुसरीच्या. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दुपारी संशोधन करणाऱ्यांना ओपीडीतून मोकळीक, त्याच दुपारी संख्याशास्त्राच्या मॅडम. नैतिकता समितीच्या बैठकीची तारीख वर्षभरासाठी आधी लावली जाईल. शिरपूरच्या सरांशी बोलणं झालं, पातळ औषधाचा प्रस्ताव पुढच्या बुधवारी लिहायला बसतोय, आणि हिशेबनीस काका पहिल्या पानापासून सोबत असणार आहेत.

दुसऱ्या नमुन्याची वेळ सहाव्या महिन्याऐवजी होळीचा आठवडा, असा बदल समितीकडे पाठवते. नर्मदाकाठ, तुमच्याकडे भोंगऱ्या बाजार कुठल्या वारी भरतो? आणि आशाताई, तळोद्याकडचा? दोन्हींच्या तारखा एकावर एक येत असतील तर मला दोन टीम लावाव्या लागतील, त्याचं आत्ताच बघते.

नर्मदाकाठ

गावागावाचा वार वेगळा असतो, ज्या दिवशी आठवड्याचा बाजार त्याच दिवशी भोंगऱ्या. यादी करून आजच पाठवतो. मॅडम, बाजारात टेबल लावून नावं पुकारू नका. बाजाराच्या कडेला शाळेची खोली मागून घेऊ. आया बाळाला पाजायला अशीही आडोसा शोधतातच. तिथे मी बसतो, पावरीत बोलायला.

आशा_तळोदा

आमच्याकडूनही यादी देते. मुंग्यांसाठी वाट्या मी घरून आणीन.